आर्टिक्युलेट स्टोरीलाइन या ई-लर्निंग सॉफ्टवेअरमध्ये कोर्स बनवायला फार वेळ लागतो. काम पटापट उरकण्यासाठी कोणत्या युक्त्या वापरता?

युक्त्या आधी देऊन टाकतो. दर बदलानंतर अख्खा प्रोजेक्ट प्रिव्ह्यू करू नका, कंट्रोल आणि एफ१२ दाबून चालू स्लाइड तेवढी बघा. ऑडिओ सिंक करताना टाइमलाइन चालू ठेवून योग्य जागी 'सी' दाबत जा, क्यू पॉइंट, म्हणजे कुठली गोष्ट कधी दिसावी याच्या खुणा, पडत जातात. झालं. पण वेळ इथे जातच नाही हो! तो जातो लीड, म्हणजे टीम चालवणाऱ्या लोकांच्या घाईत.

चाकणच्या एका कारखान्यासाठी सुरक्षेचा कोर्स करत होतो. इंग्रजी, हिंदी आणि मराठी. माझं म्हणणं होतं की बटणं, रंग, बरोबर-चूकचे लेअर हे सगळं स्लाइड मास्टर आणि फीडबॅक मास्टर या सामाईक साच्यांमध्ये ठेवू. इंग्रजी गोल्ड, म्हणजे अंतिम, झालं की प्रत काढू, मजकूर वर्डमध्ये एक्स्पोर्ट करू, भाषांतरकार तक्ता भरून देईल, तोच परत आत घेऊ. आमचे लीड म्हणाले, "मास्टर करत बसायला वेळ कुठाय? जुन्या कोर्सच्या स्लाइड कॉपी कर आणि तिन्ही भाषा समांतर सुरू कर." स्टोरीबोर्डवर, म्हणजे कोर्सच्या स्लाइडवार आराखड्यावर, क्लायंटची सही नव्हती, तरी व्हॉइस ओव्हर तिन्ही भाषांत रेकॉर्ड करून मोकळे!

अल्फा, म्हणजे पहिला कच्चा कोर्स, गेला आणि कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरांनी पहिल्याच बैठकीत बोट ठेवलं. कुलूप आणि टॅग लावल्यावर मशीन खरंच बंद आहे ना, हे स्टार्टचं बटण दाबून तपासायचं असतं. ती पायरीच स्टोरीबोर्डमध्ये नव्हती. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, तिथे चूक म्हणजे कुणाचा तरी हात जायचा. म्हणजे नवी स्लाइड, पुढच्या ट्रिगरांची (क्लिक केल्यावर काय व्हावं याच्या सूचनांची) फिरवाफिरव आणि आवाजाचे कलाकार पुन्हा स्टुडिओत. वर 'पुन्हा प्रयत्न करा'चं बटण खाली घ्या, अशी एक साधी सूचना. मास्टरमध्ये असतं तर एका जागी सरकवलं असतं. मी ते प्रत्येक प्रश्नावर, प्रत्येक फाइलमध्ये हाताने सरकवत बसलो. त्यात मराठी मजकूर आला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पेस्ट केला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. तो सगळा पुन्हा टाइप करून घ्यावा लागला.

आणि मेलमध्ये काय लिहिलं गेलं? "डेव्हलपमेंटला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला."

म्हणून सांगतो, स्टोरीबोर्ड फ्रीझ झाल्याशिवाय स्टोरीलाइन उघडू नका. तोवर आवाज लागलाच तर टेक्स्ट-टू-स्पीचवर भागवा, खरा कलाकार बीटाच्या, म्हणजे अल्फानंतरच्या सुधारलेल्या कोर्सच्या, आसपास बोलवा. भाषांतरकाराला आधीच बजावा की मजकूर युनिकोडमध्येच हवा. पहिलं मॉड्यूल जमलं की ते क्लायंटच्या एलएमएसवर (कोर्स चालवणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमवर) चढवून बघा, शेवटची वाट पाहू नका. कोर्स आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं स्कॉर्म हे मानक, त्याच्या १.२ आवृत्तीत शिकणारा कुठवर आला हे साठवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. कोर्स लांबला की ती भरते आणि माणूस परत आला की भलत्याच स्लाइडवर जातो. मग तेही डेव्हलपरच्याच माथी.

एकटे फ्रीलान्सर असाल, एकच भाषा असेल आणि कोर्स पंधरावीस स्लाइडचा असेल, तर एवढा पसारा नको, कॉपी-पेस्ट चालून जाईल. आर्टिक्युलेटच्याच राइज या तयार ब्लॉकच्या टूलमध्ये काम करत असाल तर मास्टरचा प्रश्नच येत नाही. मराठीसाठी मास्टरमधल्या चौकटी मात्र थोड्या उंच ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार कापले जातात.

हो, फाइल नेटवर्क ड्राइव्हवरून उघडून काम करू नका, करप्ट होते. आधी आपल्या मशीनवर घ्या. आमच्या लीडना हेही पटत नव्हतं.