इस्त्रीचा चटका कळायच्या आत हात मागे कसा येतो?

तुम्ही विचारलंय की इस्त्रीला बोट लागल्यावर चटका कळायच्या आत हात मागे आलेला असतो, तर तो मागे घ्यायला सांगतं कोण? वेदना होते कुठे, बोटात की मेंदूत? आणि भरलेला गरम कप बोटं पोळत असतानाही आपण टेबलापर्यंत नेतो, ते कसं जमतं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं मणक्याला इजा झालेल्या पेशंटबरोबर काम करतोय, त्यामुळे उत्तराची सुरुवात जरा उलटीकडून करतो. दुखतं म्हणून हात मागे येत नाही. हात मागे येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दोन्हींची ठिणगी एकच, एवढाच काय तो संबंध.

ठिणगी पडते ती त्वचेत. तिथल्या बारीक चेतातंतूंच्या उघड्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याची झडप उघडते आणि विद्युत संदेश निघतो. (हे प्रथिन शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकातल्या नोबेलचे एक मानकरी.) संदेश हातातून वर येऊन मानेच्या भागात मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरतो. तिथे मधल्या चेतापेशी तो उचलतात, पुढच्या बाजूच्या पेशींना देतात, त्या थेट स्नायूंना हुकूम सोडतात आणि कोपर वाकतं. त्याच वेळी दंडाच्या मागच्या स्नायूला ‘सैल पड’ असा निरोप गेलेला असतो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांना ओढत बसतील. पायात टाचणी घुसली तर काम आणखी वाढतं. तो पाय उचलायचा आणि दुसरा ताठ करायचा, म्हणजे माणूस पडत नाही. ही सगळी जुळवाजुळव मज्जारज्जूतच होते. मेंदूला प्रत कळवली जाते, पण परवानगीसाठी कोणी थांबत नाही.

आता वेगाचं बघा, कारण ‘कळायच्या आत’चं उत्तर त्यातच आहे. वेदनेचा इशारा नेणारे तंतू दोन जातींचे. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टण असतं, ते सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. सी तंतूंवर वेष्टण नाही. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते २ मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतका किंवा त्याहूनही कमी. पलंगाच्या पायाला करंगळी आपटते तेव्हा हे दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात. पाय झटकन वर येतो. टोकदार कळ येऊन जाते. मग एक विचित्र शांत क्षण असतो, आपण ओठ चावून उभे असतो, कारण खरं दुखणं अजून वाटेत आहे हे अनुभवाने ठाऊक असतं. करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात एक मीटरच्या आसपास. सी तंतूंना त्याला एक सेकंद सहज लागतो. मग ती जड, जळजळती ठसठस येते.

पण दोन्ही कामं वेगळी आहेत हे मला पुस्तकापेक्षा पेशंटच्या खाटेशेजारी जास्त समजलं. मणक्याला मोठी इजा झाली की सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, इजेच्या खालचा मज्जारज्जू अगदी गप्प असतो. याला स्पायनल शॉक म्हणतात. पाय लोळागोळा, कुठलाही रिफ्लेक्स (म्हणजे मज्जारज्जूतून आपोआप होणारी अशी हालचाल) नाही. विशीतला एक मुलगा असाच होता. एके सकाळी मी त्याच्या तळव्यावरून नेहमीसारखं किल्लीचं टोक ओढलं आणि घोटा, गुडघा, खुबा तिन्ही वाकून पाय वर आला. पायथ्याशी उभी असलेली त्याची आई ओरडलीच, “हलला! पाय हलला!” मुलगा छताकडे बघत होता. त्याने विचारलं, “काय झालं?”

त्या आईला समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. “काकू, टोचलं हे त्याच्या मज्जारज्जूच्या खालच्या भागाला कळलं. त्याला नाही कळलं.” रिफ्लेक्सची तार शाबूत होती, वर मेंदूकडे जाणारी तुटली होती. म्हणून पाय मागे आला, पण वेदना झालीच नाही.

हे इथेच संपत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर तुंबलेलं मूत्राशय किंवा न जाणवणारी जखमसुद्धा रक्तदाब धोकादायक पातळीवर नेऊ शकते. खाली काहीच दुखत नसतं. अचानक डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी आम्ही पेशंटला आधी उठवून बसवतो आणि मग लघवीची नळी कुठे मुडपली आहे का ते बघतो.

मग वेदना कुठे? इशारा मज्जारज्जूतच विरुद्ध बाजूला जातो आणि मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे मेंदूत पसरतो. कुठे लागलं, किती लागलं हे एक भाग ठरवतो. ते नकोसं वाटणं मुख्यतः दुसऱ्या भागांतून येतं. वेदनेचं असं एकच केंद्र नाही. पाय कापल्यावरही नसलेली बोटं दुखतात, त्याचं कारण हेच. वेदना मेंदू तयार करतो आणि शरीराच्या नकाशावर नेऊन ठेवतो. यावर कोणी “म्हणजे मनाचेच खेळ” म्हणालं की मला राग येतो. दिसणंही मेंदूतच घडतं, त्याला कोणी मनाचे खेळ म्हणत नाही.

राहिला कप. मेंदूला प्रत पोचते असं वर म्हटलं, पण मेंदूकडून खालीही तारा येतात. कप सोडला तर सगळं अंगावर सांडेल हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो मज्जारज्जूतल्या त्याच मधल्या पेशींना आधीच दाबून धरतो. मेंदूच्या देठातून निघणारी यंत्रणा वर जाणारा इशाराही मंद करू शकते. शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं, एंडॉर्फिनं, त्यात भाग घेतात. मात्र याला हद्द आहे. इस्त्री अचानक लागते, तिथे मेंदूला तयारीला वेळच मिळत नाही.

आणि कप ठेवल्या ठेवल्या तुम्ही बोटं झटकता किंवा मांडीवर चोळता ना, तेही उगाच नाही. स्पर्शाचे जाड तंतू वेदनेच्या तंतूंपेक्षा कितीतरी वेगवान असतात. ते मज्जारज्जूत पोचून वेदनेच्या इशाऱ्याचं दार थोडं लोटून घेतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांनी काढलेली जोडणीची आकृती पुढे जशीच्या तशी टिकली नाही, पण दार टिकलं. आमच्याकडची टेन्स मशीन, त्वचेवर पट्ट्या लावून झिणझिण्या देणारी, त्याच दारावर चालते.