पाण्याखालचे फोटो हिरवे-निळे येतात, मोबाईलवरच फुकटात कसे नीट करायचे?

फोटो एडिट करायच्या अ‍ॅपमधला लाल स्लायडर शेवटपर्यंत ओढू नका एवढंच आधी सांगतो. पाणी सगळ्यात पहिल्यांदा लाल रंगच खातं, पाच-सहा मीटर खाली तो जवळपास संपलेला असतो, मग फोटोत जे आलंच नाही ते वाढवून नुसते दाणे, म्हणजे फोटोभर बारीक ठिपके, मिळतात आणि माणूस गुलालात लोळल्यासारखा दिसतो.

आता माझं ऐका. मी सांगलीचा. उन्हाळ्यात वाळवा तालुक्यात ताईच्या गावी भाचा विहिरीत पोहायला शिकत होता, पाठीला डबा बांधून. दाजींचा फोटो स्टुडिओ, त्यामुळं त्यांना सगळंच कळतं. माझ्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर त्यांनी लाल फिल्टर चढवला, म्हणे समुद्रात हाच लावतात. अहो पण विहिरीचं पाणी शेवाळामुळं हिरवं, आणि पोरगं चार फुटावर! भाचा चहात बुडवून काढल्यासारखा आला, आणि सगळ्या भावकीत नाव खराब झालं माझं.

दुसऱ्या दिवशी फिल्टर काढून फेकला. बाराला गेलो, कारण ऊन विहिरीत सरळ तेव्हाच उतरतं. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण पाण्यात भाच्याजवळ धरलं, त्यावर व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल, सेट करून लॉक केला आणि हातभर अंतरावरनं शूट केलं. लांबनं काढलं की मधलं पाणीपण रंग खातंय, हे कुणी सांगत नाही. कातडीचा रंग कातडीसारखा आला राव! तर दाजी लग्नात चारचौघांत सांगतात, मी कॉम्प्युटरवर सुधारला. अजून सांगतात.

मोबाईलवर करायचंच तर आधी टेम्परेचरचा स्लायडर उबदार, म्हणजे पिवळ्या बाजूला न्या, हिरवं असेल तर टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडं, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडं न्या, लाल अगदी शेवटी चिमूटभर. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाईल असेल तर बरंच सुधारतं, नेहमीच्या दाबून लहान केलेल्या जेपीजीत फार हात चालत नाही.

हां, लाल फिल्टर अगदीच भंगार नाही. मालवणला पाणी निळं असलं, ऊन असलं आणि थोडं खोल गेलात तर उपयोगी पडतो, टॉर्च लावणार असाल तर मात्र काढा. हिरव्या पाण्याला मॅजेंटा फिल्टर मिळतो, दाजींना ते माहीत नव्हतं. आणि झाकण खरंच पांढरं बघून घ्या, पिवळसर असलं की कॅमेरा फोटो उलट निळा करतो. दाजी हे वाचणार नाहीत, ताई वाचते.