लेन्स बसते, पण चालत नाही : दुकानदाराच्या शब्दाला कायद्यात किती किंमत?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात राहतो आणि लग्नसमारंभांचे व देवळांतील उत्सवी नाटकांचे चित्रीकरण करतो. माझ्याकडे कॅननच्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याचे कडे) तीन लेन्स आहेत. गेल्या महिन्यात बेळगावातील एका दुकानातून सोनीची ई माउंटची बॉडी (लेन्सविना कॅमेरा) आणि वेगळ्या माउंटची लेन्स जोडणारा तिसऱ्याच कंपनीचा ॲडॅप्टर एकाच बिलावर १,८४,००० रुपयांना घेतला. त्याआधी व्हॉट्सॲपवर लेन्सची नावे कळवून ‘रात्रीच्या नाटकाच्या व्हिडिओला कोणती बॉडी घेऊ, फोकस नीट राहील ना?’ असे विचारले होते. दुकानदाराने बॉडी आणि ॲडॅप्टर सुचवून ‘सगळ्या लेन्स पहिल्यासारख्याच चालतील’ असे लिहिले. प्रत्यक्षात फोटोसाठी फोकस बरा लागतो. व्हिडिओत मात्र नट चालू लागला की फोकस मागेपुढे भटकत राहतो. लेन्स बसते म्हणजे माल निर्दोष आहे, असे दुकानदार म्हणतो. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असेही छापले आहे. मला दाद मागता येईल का?

उत्तर : मागता येईल. मात्र आपण वस्तूतील दोषाची तक्रार केली, तर आपली बाजू कमकुवत होईल. आपली खरी तक्रार दुकानदाराने दिलेल्या शब्दाविषयी आहे आणि तीच धरून चालावे.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. ईएफ माउंटमध्ये माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे (चित्र टिपणाऱ्या पट्टीपर्यंतचे) अंतर ४४ मिलिमीटर असते, तर ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर असते. मधले २६ मिलिमीटर ॲडॅप्टर भरून काढतो आणि म्हणून लेन्स व्यवस्थित बसते. परंतु १९८७ साली आलेल्या ईएफ माउंटमध्ये फोकस व ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) हे दोन्ही विजेच्या संदेशांवर चालतात आणि प्रत्येक कंपनीची संदेशांची भाषा वेगळी असते. ॲडॅप्टर त्या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करतो. स्थिर फोटोपुरते ते काम बहुधा भागते, पण व्हिडिओत फोकस क्षणोक्षणी बदलावा लागतो आणि तेथे ॲडॅप्टर कमी पडू शकतो. त्यामुळे बॉडी, लेन्स व ॲडॅप्टर आपापल्या जागी निर्दोष असूनही आपले काम अडू शकते.

म्हणूनच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४७) आपल्या उपयोगाचे आहे. वस्तूच्या उपयुक्ततेविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करणे, मग ते तोंडी असो वा लेखी, ही त्या कलमाखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच्या जोडीला मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १६ आहे. खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू सांगितला असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे, अशी गर्भित, म्हणजे न लिहिताही लागू असणारी, अट ते कलम घालते. या कलमाला एक अपवाद आहे आणि दुकानदाराचा वकील तोच पुढे करील : एखादी वस्तू व्यापारी नावाने, म्हणजे ब्रँडच्या नावाने, मागून घेतली असेल, तर ही अट लागू होत नाही. या मुद्द्यावर बाल्ड्री विरुद्ध मार्शल हा १९२५ चा इंग्लंडमधील निवाडा मला फार मोलाचा वाटतो. प्रवासाला सोयीची मोटार मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने बुगाटी सुचवली होती, पण ती तशी निघाली नाही. केवळ मोटारीला नाव होते म्हणून विक्रेता सुटला नाही. आपणही ‘कोणती घेऊ?’ असे विचारले आणि नाव दुकानदाराने सुचवले. तो संवाद हा आपल्या प्रकरणाचा कणा आहे. तो फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासह त्याच्या प्रती काढून ठेवा.

आपण धंद्यासाठी खरेदी केली, म्हणून आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(७) चे स्पष्टीकरण सांगते. आणि एकदोन मदतनीस ठेवल्याने ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निवाड्यात स्पष्ट केले आहे. आपण स्वतः कॅमेरा चालवता, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. बिलावरची छापील ओळ दिशाभुलीला संरक्षण देत नाही. तिची चिंता सोडा.

चिंता करायची ती विलंबाची. वाजवी काळ लोटूनही माल नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे मालविक्री अधिनियमाचे कलम ४२ मानते, आणि मग परतीचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाई उरते. तेव्हा ही बॉडी वापरून पुढची कामे घेऊ नका. थांबण्यापूर्वी एवढेच करा : एकाच उजेडात, त्याच लेन्सने, जुन्या कॅनन बॉडीवर आणि नव्या बॉडीवर चालत्या माणसाचे चित्रीकरण करून ठेवा. शब्दांत सांगून न पटणारी गोष्ट, तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाला त्यातून डोळ्यांनी दिसेल.

त्यानंतर याच आठवड्यात पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवा. बॉडी व ॲडॅप्टर दोन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, ही मुख्य मागणी ठेवा. ॲडॅप्टरची किंमत व झालेले नुकसान द्यावे, ही पर्यायी मागणी असू द्या. फोटोसाठी बॉडी नीट चालते, म्हणून आयोग पर्यायी मागणीकडेही झुकू शकतो, याची मनाशी तयारी असावी. बुडालेल्या कामाची भरपाई हवी असल्यास ते काम रद्द झाल्याचा लेखी पुरावा लागेल.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर दुकान बेळगावात असले तरी आपल्याला तिकडे खेपा घालाव्या लागणार नाहीत. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा ग्राहक संरक्षण अधिनियमाचे कलम ३४ देते. म्हणजे आपल्यासाठी पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबदला, म्हणजे मालासाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असल्याने तक्रारीचे शुल्क नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ६९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, परंतु माल नाकारण्याची नोटीस त्या मुदतीच्या भरवशावर ठेवू नये.