बंड्याला अजून दमवू नकोस

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझा बॉर्डर कोली कुत्रा बंड्या आठ महिन्यांचा झालाय, हाक मारली की एकदा वळून बघतो आणि उलट्या दिशेला चालू पडतो, पार्किंगमध्ये स्कूटर दिसली की झेपावतो, घरात पंख्याच्या सावलीमागे फिरत बसतो, आणि तू सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास फिरवून वर बॉल फेकून फेकून खांदा दुखवून घेतलायस तरी रात्री अकराला स्वारी सोफ्यावरून उड्या मारतेय. अजून काय करू असं विचारलंयस. माझं उत्तर तुला आवडणार नाही बहुतेक, पण सांगते. कमी कर.

बॉर्डर कोली म्हटलं की प्रत्येक जण एकच सांगतो, याला खूप पळवा, दमवा, मग शांत होतो. लॅब्राडॉरच्या बाबतीत हे थोडंफार चालून जातं. कोलीला रोज तीन तास पळवलंस तर महिन्याभरात तो तीन तासांसाठी फिट होतो, मग त्याला साडेतीन लागतात, तू नोकरी करणारी एक मुलगी आणि तो डोंगरावर दिवसभर पळायला तयार केलेला प्राणी, ही रेस तू हरणारच आहेस. आठ महिन्यांच्या पोराला दिवसाचे पंधरा-सोळा तास झोप लागते, आणि बंड्या जे काय करतोय त्यातलं निम्मं मला झोप न झालेल्या लेकरासारखं वाटतंय.

ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मेंढपाळांनी कामासाठी तयार केली. आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कोली ज्याचे वंशज मानले जातात तो ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे जन्मला, आणि त्याची ख्याती होती ती शांतपणे काम करण्याची, न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेने मेंढरं हलवायचा. आणि मेंढपाळाच्या कुत्र्याच्या कामात पळण्याइतकंच थांबणंही असतं बघ. मेंढपाळ ओरडला की जिथे आहे तिथे पोट टेकवून पडून राहायचं, मेंढरं समोर हलत असली तरी. हे त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं, जन्मतः फक्त पळायची खाज येते. आपण पुण्यात फ्लॅटमध्ये आणून ती खाज तेवढी वाढवतो आणि थांबणं शिकवायचं राहून जातं.

इंटरनेटवर चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीबद्दल वाचलंच असशील, जिला १०२२ खेळण्यांची नावं येत होती. ते खरंच आहे, जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने तिला शिकवलं आणि २०११ मध्ये त्यावर पेपरही आला. पण तो माणूस तिच्यासोबत रोज चार-चार, पाच-पाच तास बसायचा, तीन वर्षं. तुला ऑफिस आहे. बंड्याला दहा खेळण्यांची नावं आली आणि पाहुणे आल्यावर तो एका जागी पडून राहिला तर मी म्हणेन तुझा कुत्रा चेसरपेक्षा हुशार.

आता ऐकत नाही त्याबद्दल. तो तुला मुद्दाम छळत नाहीये आणि तुझं ट्रेनिंगही वाया गेलेलं नाही. २०२० साली ल्युसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, होऊ घातलेल्या कुत्र्यांवर अभ्यास केला होता, त्यात पाच महिन्यांचं असताना 'बस' म्हटल्यावर बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं ऐकेनासं झालं आणि गंमत म्हणजे अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होतं. ते कुत्रे लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड वगैरे होते, कोली नव्हते, पण मी जेवढे कोली पाहिलेत त्यांच्याबाबतीत हेच. त्यामुळे ट्रेनरचं ऐकतो आणि माझं नाही म्हणून रडत बसू नकोस, वयच तसं आहे, दीड वर्षाच्या आसपास बरंचसं निवळतं.

तर पहिलं काम. घरातली एक जुनी गोधडी घे, हॉलच्या कोपऱ्यात अंथर, आणि काही बोलू नकोस. तो कुतूहलाने येऊन पाय ठेवेलच, ठेवला की त्याच्या जेवणातले, म्हणजे त्याच्या कोरड्या खाद्याचे, दोन दाणे गोधडीवर ठेव, हातातून भरवू नकोस, त्याच्या पुढच्या पायांमध्ये खाली ठेव म्हणजे त्याची मान खाली राहते. उभा राहिला तरी चालेल. थोड्या वेळाने कंटाळून आपणहून बसेल, मग पडेल, प्रत्येक वेळी हळूच दाणे. तुला बघायचंय ते म्हणजे कंबर एका बाजूला कलती करून पडणं, कारण दोन्ही मागचे पाय अंगाखाली घेऊन ताठ पडलेला कोली झोपलेला नसतो, सुटायची वाट बघत असतो. संपलं की 'चल' म्हण आणि गोधडी उचलून ठेव. हे आई पोळ्या करत असताना कर, कुकरच्या शिट्ट्या होत असताना कर, नंतर खाली बागेत बाकापाशी ती गोधडी ने. दाणे त्याच्या रोजच्या मापातलेच वापर, वेगळे बिस्किटांचे डबे रिकामे करू नकोस नाहीतर महिन्याभरात पिंप होईल. शब्द, म्हणजे 'जागेवर' वगैरे जे म्हणणार असशील ते, तो आपणहून जाऊन पडायला लागल्यावरच जोड. घाई केलीस तर शब्द बिघडतो.

स्कूटरचं. तू लिहिलंयस की तो अचानक झेपावतो. अचानक नसतं गं ते. आधी डोकं खांद्यांच्या खाली जातं, शेपूट खाली, एक पाय हवेत थबकतो, डोळे फिक्स. मेंढपाळ याला कुत्र्याचा 'आय', म्हणजे रोखलेली नजर, म्हणतात आणि यासाठीच तर ही जात कित्येक पिढ्या निवडून निवडून काढली. तुझ्या हातात जी संधी आहे ती त्या क्षणाच्याही आधी, झेप घेतल्यावर ओढाओढी करून काही मिळत नाही. म्हणून इतकी लांब उभी राहा की त्याला स्कूटर दिसेल पण तो खाऊ शकेल, आणि त्याने स्कूटरकडे बघून परत तुझ्याकडे बघितलं की लगेच दे. खात नसेल तर तू जास्त जवळ आहेस, एवढं सोपं आहे. वॉचमनच्या केबिनमागचा कोपरा चांगला आहे तुमच्याकडे. चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, कोणी सुचवली तर नको म्हण, मानेला झटका बसतो तेव्हा समोर स्कूटर असते, आणि हे कुत्रं दोन आणि दोन फार पटकन जोडतं, मग नुसतं आवडीने धावणारं पोर रागाने धावायला लागतं. छातीचा हार्नेस घे. आणि हो, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सप्रमाणे सोसायटी तुला कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी करू शकत नाही हे बरोबर, पण डिलिव्हरीवाल्या पोराच्या पोटरीला दात लागला तर ती गाइडलाइन दाखवून उपयोग नाही. पालिकेचं लायसन आणि रेबीजची नोंद तेवढी अपडेट ठेव.

सावल्यांचं मात्र मनावर घे, मला तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त काळजी त्या एका वाक्याची वाटली आणि तू ते असंच जाता जाता लिहिलंयस. बॉर्डर कोलींमध्ये सावली आणि उजेडाच्या कवडशामागे लागण्याचं वेड लागू शकतं आणि एकदा घट्ट बसलं की सोडवणं महाकठीण, कुत्रं खाणंपिणं सोडून भिंतीकडे बघत बसतं. घरात कोणी लेझर लाइटने खेळवत असेल तर आज बंद. भाऊ मोबाइलच्या काचेचा उजेड भिंतीवर पाडून हसत असेल तर त्याला हे पत्र वाचायला दे. दुपारी उन्हाच्या वेळी हॉलचे पडदे ओढ, पंखा दिव्याच्या खाली असेल तर तो दिवा लावू नकोस, दुसऱ्या कोपऱ्यातला लाव, स्टीलच्या ताटल्या खिडकीत वाळत ठेवायच्या त्या आत ठेव. त्याला ओरडू नकोस, हसूही नकोस, शांतपणे दुसऱ्या खोलीत ने आणि काहीतरी हुंगायला दे. दोन-तीन आठवड्यांत कमी नाही झालं तर व्हेटशी बोल, यावर औषधोपचारही असतात, लाज वाटायचं कारण नाही.

बॉल कपाटात टाक. अगदी कायमचा नाही, पण सध्या. एकाच सरळ रेषेत पळ, झटकन थांब, वळ, पुन्हा पळ, हे वाढत्या सांध्यांना बरं नाही आणि डोक्यात नुसती किक बसते. शिवाय या जातीत काही कुत्रे अशा जोरदार पळापळीत दहा-पंधरा मिनिटांतच लडखडायला लागतात, डोळे हरवल्यासारखे होतात आणि थोड्या वेळाने परत ठीक. असं कधी दिसलं तर तिथेच थांब, गार कर, आणि व्हेटकडे ने, दमला असेल म्हणून सोडून देऊ नकोस. बॉलऐवजी संध्याकाळच्या जेवणातले मूठभर दाणे गवतात भिरकाव आणि 'शोध' म्हण. जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून गाठ मार. वीस मिनिटं नाक चाललं की तो जो पडतो ना, तासभर पळवून पडत नाही.

टेकडीवर जरूर ने, वेताळ टेकडी तळजाई कुठेही, पण दहा मीटरच्या लांब दोरीवर. आत्ता मोकळा सोडायचं वय नाही. मोर उडाला किंवा बकऱ्या दिसल्या की तुझी हाक त्याच्या कानापर्यंत पोचणारच नाही, आणि न ऐकलेली प्रत्येक हाक त्याला शिकवते की हाक ऐकली नाही तरी चालतं. एकदाच हाक मार, आला नाही तर दोरीने जवळ जा. आला की मात्र चिकन. आणि प्रत्येक वेळी हाक मारून लगेच पट्टा लावून घरी नेऊ नकोस, दहातल्या आठ वेळा खाऊ देऊन परत सोड.

यावरून आठवलं, दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात तेव्हा शहराबाहेरच्या शेतांत मेंढरं बसवलेली दिसतील, आणि तुझा कोणीतरी हौशी मित्र म्हणेलच की सोड ना, बघू तरी त्याच्या रक्तात आहे का. अजिबात सोडायचं नाही. न शिकवलेला कोली मेंढरं वळवत नाही, उधळवतो, गाभण मेंढ्या पडतात, पाय मोडतात, आणि ते त्या माणसाचं पोट आहे. वर धनगराची कुत्री हाकण्यासाठी नसतात, लांडग्यापासून राखणीसाठी असतात, ती तुझ्या बंड्याला पाहुणा समजणार नाहीत.

ऊन. मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्रीच. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेववत नसेल तर त्याला चालवू नकोस. अंगावर मशीन फिरवून केस काढू नकोस, उन्हापासून तेच वाचवतात, फक्त आतली लव विंचरून काढत राहा, कानामागे आणि मांड्यांना गुंता होतो तिथे बघ. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर, धापा थांबत नाहीत, पाय लटपटतायत, असं असेल तर आधी साधं पाणी ओत, पंखा लाव, आणि मग गाडीत घाल. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस आणि गोचिड्या, या दोन्हींकडे लक्ष ठेव. रोज बोटांच्या मध्ये, कानात, काखेत बघ, आणि जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घे. गोचिड्यांवर कोणी आयव्हरमेक्टिन टोच म्हणालं तर आधी कोली आहे हे ठासून सांग, कोलींच्या कुळात एमडीआर-१ नावाच्या जीनचा दोष असतो, बॉर्डर कोलीत तो कमी सापडतो पण सापडतो, आणि असला तर ते औषध मेंदूपर्यंत जातं. टेस्ट होते त्याची, करून ठेव.

आजी त्याला चोरून शिरा देतात म्हणालीस. आजींशी भांडू नकोस, पण सत्यनारायणाच्या शिऱ्यात मनुका असतात आणि मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक, हे त्यांना नीट समजावून सांग, त्या ऐकतील. कांदेपोहेही नकोत. त्यांना देण्याचा आनंद हवाय, तर गाजराचे तुकडे करून त्यांच्या हाताशी डबीत ठेव आणि गोधडीवर पडला की तुम्ही द्या म्हण, बघ कशा तुझ्यापेक्षा भारी ट्रेनर होतात.

दिवाळी यायच्या आत एक गोष्ट, या वयात भीती पटकन बसते आणि कोली आवाजाला आधीच हळवे. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवण देत जा आत्तापासूनच, आणि प्रत्यक्ष त्या दिवसांत संध्याकाळी लवकर फिरवून खिडक्या बंद. घाबरून जवळ आला तर घे जवळ, लाड केल्याने भीती वाढते वगैरे काही नसतं. नसबंदीचं वर्षाच्या आत नको, हाडं वाढू देत, मग व्हेटशी बोलून ठरव.

मी रविवारी येतेय. बेल वाजवेन तेव्हा त्याला गोधडीवर दाबून बसवायच्या भानगडीत पडू नकोस, एवढ्यात जमणार नाही, तो अंगावर उडी मारणारच, मी जुना ड्रेस घालून येईन. आणि चहात आलं घाल.

तुझी मावशी