वाचकांचे प्रश्न : त्वचा आणि तालीम

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, तालमीत जातो. पावसाळ्यात घसा धरला, त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी पाठीवर आणि पोटावर लाल ठिपके उठले. डोक्यातला जाड कोंडा आधीपासूनच आहे. मेडिकलमधून नायट्याचं मलम आणून लावलं, फरक नाही. वस्ताद म्हणतात, इतर पोरांना लागेल. मुलाच्या वडिलांना सोरायसिस आहे. धाकटीलाही होईल का?
– एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वस्तादांची शंका अगदीच चुकीची नाही. नायटा बुरशीचा, तो तालमीत खरोखर पसरतो. म्हणून आधी खवला खरवडून बुरशीची तपासणी करून घ्या. नायट्याची कड खवलेदार आणि मध्य निवळलेला असतो. सोरायसिसचा ठिपका सगळीकडे सारखाच लाल, वर पांढुरका पापुद्रा. सावळ्या कातडीवर तो जांभळट-तपकिरी दिसतो, म्हणून फसगत होते. विकतच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने नायटा दबतो आणि निदान अवघड होतं. तपासणीआधी ते बंद करा.

घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर असे थेंबासारखे ठिपके येणं हा मुलांमधल्या सोरायसिसचा ओळखीचा प्रकार आहे. बऱ्याच मुलांत तीन-चार महिन्यांत ते ओसरतात, काहींत पुढे जाड चट्टे होतात. कोंड्याची पापडी केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा कानामागे आलीय का, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे आहेत का, तेही पाहा; या सोरायसिसच्या खुणा.

आता धाकटी. आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 14 ते 25 टक्के, दोघांना असेल तर 40 च्या आसपास किंवा वर. भावंडालाही असेल तर आकडा आणखी सरकतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी जनुकाचा 06:02 हा प्रकार लहान वयातल्या सोरायसिसशी सर्वांत घट्ट जोडलेला. पण तो असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, त्यामुळे जनुकचाचणीवर पैसे घालवू नका. तिचा घसा धरला तर मात्र अंगावर काढू नका.

बुरशी नसेल तर तालीम सोडायचं कारण नाही, सोरायसिस लागत नाही. फक्त गुडघे-कोपरं खरचटली की तिथेच आठ-पंधरा दिवसांनी चट्टा उठू शकतो. सराव झाला की माती धुवायची आणि कातडी ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन चोळायचं. खवले नखाने काढू देऊ नका, खाली रक्ताचे टिपके येतात.

स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी दिलं तरच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन मागू नका. बंद करताच आजार उसळतो, कधी पू भरलेल्या फोडांसह.

सकाळी सांधे आखडत असतील किंवा पायाचं एखादं बोट सबंध सुजलं असेल तर ते कुस्तीतल्या मुरगळीच्या खाती टाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना त्याच भेटीत दाखवा.