जळगाव जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत आठवीला घनफळ आणि पृष्ठफळ यांतला फरक खास साहित्याविना कृतीतून कसा दाखवावा?

ए-फोर मापाची दोन कार्डशीट आणि दीड लिटर दादर (ज्वारी) एवढ्यावर काम होतं. एक कागद लांबीकडून गुंडाळा (परीघ 29.7 सेंमी, उंची 21), दुसरा रुंदीकडून (परीघ 21, उंची 29.7). दोन्हींचं वक्रपृष्ठफळ सारखंच, 623.7 चौ.सेंमी. आता बुटकी नळी परातीत उभी करा, उंच नळी तिच्या आत ठेवा, उंच नळी दादरने काठोकाठ भरा आणि मग ती सावकाश वर ओढून घ्या. भरण्याआधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्याच. बरीचशी ‘दोन्हींत सारखंच मावेल’ म्हणतात. बुटक्या नळीत दाणे साधारण 14.8 सेंमीपर्यंतच येतात, वर सहा सेंमी रिकामं राहतं. कारण घनफळाच्या सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, उंची एकदाच येते: उंच नळीचे 1042 घसेंमी विरुद्ध बुटकीचे 1474.

बिघडतं ते इथे:
- कडा एकमेकींवर चढवल्या तर परीघ घटतो. एक सेंमी चढवली तरी बुटक्या नळीचं घनफळ शंभरेक घसेंमीने कमी भरतं. कडेला कड लावून बाहेरून चिकटपट्टी मारा.
- वहीचा पातळ कागद दाण्यांच्या भाराने फुगतो. कार्डशीटच घ्या.
- पाणी अर्थातच नको.

एक मात्र फळ्यावर ठळक लिहा: सारखं आहे ते फक्त वक्रपृष्ठफळ. तळ आणि झाकण धरलं की एकूण पृष्ठफळ बुटकीचंच जास्त.