गोल डबा: राउंड, सर्क्युलर की सिलिंड्रिकल?

तुळशीबागेत भांड्यांचं दुकान असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. माल आता ऑनलाइनही विकायचा, त्यासाठी इंग्रजीत वर्णनं लिहायला घेतली, तर मुलगा म्हणाला, 'आई, डबा म्हणजे वृत्तचिती, राउंड कसला? सिलिंड्रिकल लिही.' शिवाय 'राउंड शेप डबा' हे बरोबर का?

मुलाची भूमिती पक्की आहे, पण तुम्ही राउंडच लिहा. रोजच्या इंग्रजीत राउंड हा शब्द आपल्या 'गोल'इतकाच ऐसपैस आहे. चेंडू, थाळी, डबा, सगळ्यांना चालतो. सिलिंड्रिकल तेव्हा, जेव्हा नळीसारखा उभा आकार हीच त्या वस्तूची ओळख असते. सर्क्युलर जरा पुस्तकी आणि बहुतेक सपाट वर्तुळासाठी. त्याच न्यायाने चौकोनी डब्याला क्युबॉइड लिहू नका, गिऱ्हाइकाला गणिताचा पेपर आठवेल.

खरी गफलत होते ती या 'चौकोनी'वरच. आपण बर्फीच्या डब्यालाही चौकोनी म्हणतो आणि लांबट ट्रेलाही. चौरस आणि आयत शाळेतच राहिले. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. चारी बाजू सारख्या असतील तर स्क्वेअर, नाहीतर रेक्टँग्युलर. 'रेक्टँगल बॉक्स' नको, कारण रेक्टँगल हे नाम आहे; तसंच ट्रँगल नाही, ट्रँग्युलर. स्क्वेअर आणि ओव्हल नाम-विशेषण दोन्ही असल्याने तसेच चालतात, म्हणून बाकीचेही चालतील असं वाटत राहतं. मंडईच्या जुन्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा ऑक्टॅगनल. अष्टकोनी डबाही तोच, पण 'एट-सायडेड' म्हटलं तर चटकन कळतं.

'राउंड शेप' मधला शेप काढून टाका. राउंड म्हटल्यावर आकारच सांगितला की! नामापासून विशेषण करायचं असेल तेव्हा 'शेप्ड' जोडा: बदामाच्या साच्याला हार्ट-शेप्ड, मध्ये छोटी आडवी रेघ देऊन. शंकरपाळ्याला डायमंड-शेप्ड. करंजीचा साचा हाफ-मून. क्रेसंट नको, चंद्रकोर आतूनही वळलेली असते आणि करंजीची घडीकडची बाजू जवळजवळ सरळ.

परातीला बरेच जण फ्लॅट लिहितात. फ्लॅट तवा; परातीला काठ आहे, ती वाइड आणि शॅलो. तांब्याला एका शब्दात बसवायचा हट्ट सोडा आणि फुगीर पोट, अरुंद गळा असं सरळ वर्णन करा: राउंड-बॉडीड, नॅरो-नेक्ड.

राहिला शब्दांचा क्रम. 'पितळेचा मोठा गोल डबा', 'मोठा गोल पितळेचा डबा', आपल्याला काहीही चालतं. इंग्रजीत आधी मोठा-लहान, मग आकार, मग रंग, शेवटी धातू: लार्ज राउंड ब्रास बॉक्स. 'ब्रास राउंड लार्ज' कानाला खटकतं. यात आपला 'आकार' हा शब्द घोटाळा करतो, कारण 'आकाराने लहान' आणि 'गोल आकाराचा' दोन्हीकडे तोच येतो. विक्रीच्या फॉर्ममध्ये साइज आणि शेप असे दोन रकाने असतील तर पहिल्यात सेंटिमीटर किंवा लिटर लिहा, राउंड दुसऱ्यात.